नाणं कापायचंय? आधी चुंबक आणा

पाव डॉलरचं नाणं. मधली मोकळी जागा आरपार कापून काढलेली, कडेचं गोल कडं शाबूत आणि त्या कड्याला धरून राहिलेला फक्त वॉशिंग्टनचा चेहरा. हे सगळं टेबलावर ठेवलेल्या एका छोट्या विजेच्या करवतीवर, म्हणजे स्क्रोल सॉवर. असले व्हिडिओ फिरायला लागल्यापासून इंदूरच्या आमच्या रामबागेत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "काका, ती मशीन कुठे मिळते?" मशीन मिळते. सियागंजात हत्यारांच्या दुकानांतून विचारत गेलं की कुणीतरी मागवून देतं. पण हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न म्हणजे कुठलं नाणं कापणार, आणि कामाचा खरा कस तिथेच लागतो.

अमेरिकेतला कायदा नाण्याशी खेळ करायला सरसकट मनाई करत नाही. फसवणुकीच्या हेतूने नाणं विद्रूप करणं हा तिथे गुन्हा आहे. लॉकेट करायला नाणं कापलं तर त्यात कुणाची फसवणूक होत नाही, म्हणून तिकडचे लोक बिनधास्त कापतात. आपल्याकडे तसं नाही. २०११ च्या नाणे कायद्याचं बारावं कलम हेतूबद्दल फारशी चौकशी करत नाही. नाणं वितळवायचं नाही, नष्ट करायचं नाही, देवाणघेवाण सोडून दुसऱ्या कामाला वापरायचं नाही, आणि मोडतोड केलेलं नाणं जवळही बाळगायचं नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा खिशातल्या एक, दोन, पाच, दहा, वीस रुपयांच्या नाण्यांना करवत लावायची नाही. पन्नास पैशांच्या नाण्यालाही नाही. दुकानदार ते घेत नाहीत म्हणून ते बंद झालं असा पुष्कळांचा समज आहे. ते बंद झालेलं नाही, चलनात आहे. स्मारक नाणीही या कायद्यात येतात. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये निघालेलं तीनशे रुपयांचं नाणं बाजारात कुणी खर्चत नाही, पण कायद्याच्या लेखी तेही नाणंच.

वाट आहे ती याच कायद्याच्या व्याख्येत. 'नाणं' म्हणजे जे कायदेशीर चलन आहे ते, असं तिथे म्हटलंय. आणि पंचवीस पैसे व त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणजे जुन्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या बटव्यात उरलेली चार आणे, वीस पैसे, दहा पैसे, पाच, तीन, दोन, एक पैसा ही नाणी आता कायद्याच्या अर्थाने नाणी उरलेली नाहीत. छंद करायचा तो यांच्यावर.

दुसरी भिंत उलट्या बाजूला आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला पुरावस्तू मानतो. ही शंभरीची रेषा दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते, त्यामुळे पंचम जॉर्जचा तांब्याचा पैसा हातात आला तर आधी त्यावरचं साल वाचायचं. इंदूरकरांना हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे जुनी नाणी घरातच निघतात. शिवाजीराव होळकरांच्या काळातला, बसलेल्या नंदीचा पाव आणा अजून कित्येक वाड्यांत सापडतो. अहिल्याबाईंच्या काळातली, महेश्वरच्या टांकसाळीत पडलेली शिवलिंग आणि बेलाच्या पानाची नाणी किंवा मल्हारनगरची सूर्यमुखाची नाणी तर विचारूच नका. यांना हात लावायचा नाही. दुसरे यशवंतराव होळकर यांची पगडीतली मुद्रा असलेली १९३५ ची तांब्याची नाणी अजून शंभरीत पोचलेली नाहीत, पण माझं मत विचाराल तर तीही नाहीच. पुन्हा पडणार नाहीत अशी नाणी कापून आपण काय मिळवणार? आणि लॉकेट काय, दहा पैशांचंही छान होतं.

तर हातात उरतात ती १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हापासूनची बारीक नाणी. ही सगळी एका धातूची नाहीत. दहा पैशांचंच बघा. सुरुवातीला झालरीसारख्या कडेचं, तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं. मग १९६८ पासून काही वर्षं पितळी. मग हलकं ॲल्युमिनियमचं. आणि १९८८ पासून स्टेनलेस स्टीलचं. नाव एक, किंमत एक, पण करवतीखाली चार वेगळे पदार्थ. एखादं नाणं तुपासारखं कापलं म्हणून त्याच किमतीचं दुसरं घ्यावं, तर पहिल्या दोन मिनिटांत तीन पाती तुटतात. कारण एवढंच की दुसऱ्याचं साल वेगळं असतं.

म्हणून चुंबक. फ्रिजवर चिकटवायचा असला तरी चालेल. नाणं चिकटलं तर ते एक तर स्टीलचं किंवा शुद्ध निकेलचं. पंचवीस पैशांचं नाणं १९५७ पासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शुद्ध निकेलचं होतं, आणि निकेलही चुंबकाला चिकटतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मग बराच काळ ते तांबं-निकेलचं होतं. हे मिश्रण निकेलसारखंच पांढरं दिसतं, पण चिकटत नाही, कारण त्यात तीन वाटे तांबं असतं. १९८८ मध्ये गेंड्याचं चित्र असलेलं आलं ते स्टीलचं, ते पुन्हा चिकटतं. चुंबक आणि नाण्यावरचं साल या दोन गोष्टी जुळवल्या की धातू कळतो. ॲल्युमिनियमला चुंबकाची गरज नाही, तळहातावर ठेवलं की वजनानेच ओळखू येतं.

सुरुवातीला कुठलं घ्यावं? १९६८ च्या सुमाराचं, कमळाचं चित्र असलेलं वीस पैशांचं पितळी नाणं. पितळ करवतीला गोड. भुसा कोरडा पडतो, पात्यात अडकत नाही, कड स्वच्छ निघते. शिवाय कमळाच्या पाकळ्यांमधली जागा कापायला सोपी आणि दिसायला देखणी. एक पैशाचं जुनं काशाच्या रंगाचं नाणंही चांगलं, पण ते १६ मिमीचं, बोटात धरणं कठीण. तांबं-निकेल जरा चिवट, तरी नीट कापतं. ॲल्युमिनियम मऊ असलं तरी फसवं आहे. त्याचा कीस पात्याच्या दातांत लेपासारखा बसतो आणि मग पातं कापायचं सोडून नुसतं घासत राहतं. मेणबत्ती किंवा दोन थेंब रॉकेल लावत राहिलं तर जमतं. स्टीलचा गेंडा सर्वांत शेवटी, हात बसल्यावर.

आणखी एक पर्याय आपल्या सराफ्यातच आहे. धनत्रयोदशीला मिळणारं दहा ग्रॅम चांदीचं 'नाणं' हे सरकारी चलन नव्हेच, तो छापा मारलेला चांदीचा तुकडा. चांदी पितळाहूनही सुखाने कापते. अडचण कायद्याची नाही, घरच्यांची आहे. लक्ष्मीच्या चित्राला करवत लावतोय म्हटलं की स्वयंपाकघरातून आवाज येणारच. कलश किंवा स्वस्तिकाचा छाप मिळाला तर बघा.

बोलण्याच्या ओघात राजमुद्रेचं राहिलं. आपल्या नाण्यांच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह असतात, आणि राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदा आहे. धंद्यासाठी ते चिन्ह वापरायला मनाई आहे. सिंहांची आकृती कापून, मिरवायचं लॉकेट करून विकायला ठेवणं हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. कमळ, गेंडा, आकडा ही बाजू वर ठेवावी. नाणं लाकडात जडवायचं असेल तर सिंहांची बाजू तशीही आत जाते.

आता मशीन. स्क्रोल सॉ म्हणजे एक बारीक पातं, दोन्ही टोकांना चिमट्यात आवळलेलं, शिलाई मशीनच्या सुईसारखं जागच्या जागी वरखाली होणारं. वस्तू आपण हलवायची, पातं नाही. पात्याचं वरचं टोक सोडवून नाण्यातल्या भोकातून ओवता येतं, त्यामुळे कडेला न फोडता आतल्या आत नक्षी कापता येते. लाकडाची जाळी कापायला हे यंत्र निघालं. धातूसाठी सोनार तेच काम हातकरवतीने, पिढ्यानपिढ्या करतात. नुसतं एखादं लॉकेट कापायचं असेल तर सोनाराच्या हातकरवतीएवढं सोपं, स्वस्त काही नाही, आणि यंत्र घेऊच नका असं मी सांगेन. यंत्र कामाला येतं ते नाणं लाकडात जडवताना, कारण पातं नेमक्या ठरलेल्या कोनात, न डगमगता चालवणं हाताला जवळजवळ अशक्य आहे. तो कोन पुढे येईलच.

यंत्र घेताना एकच गोष्ट घोटून विचारा: बिनखिळीचं पातं लागतं का? स्वस्त यंत्रांत फक्त टोकाला आडवी खिळी असलेली पाती बसतात. ती जाड असतात, आणि त्या खिळीसाठी भोकही मोठं पाडावं लागतं. नाण्यात तेवढी जागाच नसते. सोनारकामाची पाती साधी, सपाट टोकांची, सुमारे पाच इंच लांब असतात, आणि बिनखिळीच्या चिमट्यात ती सरळ बसतात. दुसरी गोष्ट वेग. धातूला वेग कमी लागतो, मिनिटाला चारशे-पाचशे फेऱ्यांच्या आसपास. एकाच वेगावर भन्नाट चालणारं यंत्र पाती जाळून टाकतं.

पात्याचा नंबर हा थोडा हिशोबाचा भाग आहे, पण एकदा कळला की विसरत नाही. सोनाराच्या पात्यांवर २/०, ४/०, ८/० असे आकडे असतात. शून्याआधीचा आकडा मोठा, तेवढं पातं बारीक. नियम असा की कापताना धातूच्या जाडीत कोणत्याही क्षणी निदान दोन-तीन दात असले पाहिजेत. एकच दात असला तर तो कडेला अडकतो, धक्का बसतो, पातं तुटतं. २/० च्या पात्याला इंचाला साधारण ५६ दात असतात. इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणजे दर ०.४५ मिमीला एक दात. नाणं दीड मिमी जाड असेल तर एका वेळी तीन दात आत. झालं, बसलं गणित. नाणं एक मिमीचं असेल तर त्याच पात्याचे दोनच दात लागतात, तेव्हा ४/० कडे वळायचं. साध्या कॅलिपरने जाडी मोजा, पण नाण्याच्या काठावर नाही, मधल्या सपाट भागावर. काठ नेहमी थोडा उंच असतो आणि तोच मोजला तर हिशोब चुकतो.

नाणं धरणं हे नवख्याला सगळ्यात अवघड जातं. पाती लावताना दात खालच्या दिशेला ठेवतात, म्हणून खाली येताना पातं नाण्याला टेबलावर दाबतं. पण वर जाताना तेच पातं नाण्याला उचलू पाहतं. वीस-बावीस मिमीची चकती बोटांनी दाबून धरायची, तीही चालत्या पात्यापासून सेंटीमीटरभर अंतरावर, हा वेडेपणा आहे. वीतभर लांबीरुंदीचा तीन-चार मिमी प्लायवूडचा तुकडा घ्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने नाणं त्यावर पक्कं बसवा आणि तो तुकडा हलवा. नाण्याखालचं प्लायवूडही कापलं जातं, जाऊ द्या. त्याचा फायदाच होतो. यंत्राच्या टेबलावर पात्यासाठी असलेलं भोक मोठं असतं आणि त्यात नाण्याचे नाजूक भाग वाकतात. खाली प्लायवूड असलं की पात्याच्या अगदी लगत आधार मिळतो.

नक्षी आखताना एक गोष्ट मनात धरा: जे कड्याला जोडलेलं नाही ते पडणार. '२०' मधल्या शून्याच्या भोवतालची जागा कापली तर अख्खं शून्य खाली येतं. म्हणून कुठे पाकळीचं टोक, कुठे अक्षराची वेलांटी काठाला भिडलेली ठेवायची, आणि जिथे काही भिडत नाही तिथे मिलिमीटरभर रुंदीची पट्टी मुद्दाम सोडायची. बारीक मार्कर चालतो, पण पात्याच्या कीसाने रेघ पुसली जाते. टोकदार सुईने ओरखडलेली रेघ टिकते.

प्रत्येक बंद जागेत एक भोक लागतं. पंचने आधी खड्डा करा, नाहीतर ड्रिलचं बारीक टोक नाण्याच्या उठावावरून घसरत जातं. २/० चं पातं सुमारे अर्धा मिमी रुंद असतं, ०.८ मिमीचं ड्रिल पुरतं. पातं ओवा, आवळा, बोटाने छेडा. तार छेडल्यासारखा स्वच्छ आवाज आला तर ताण बरोबर. भद्द वाजलं तर पातं वळणावर भरकटणार. चिमट्याला पॅकिंगचं तेल लागलेलं असतं, ते स्पिरिटने पुसून काढलं नाही तर बारीक पातं निसटत राहतं. पात्याच्या मागच्या अंगाला मेण लावत राहा, दातांना नुसतं स्पर्शापुरतं. आतली लहान भोकं आधी, मोठी नंतर, काठाला लागून असलेली सर्वांत शेवटी, म्हणजे नाण्याचा जोर शेवटपर्यंत टिकतो. कोपऱ्यावर ढकलायचं नाही. यंत्र चालू ठेवून जागच्या जागी नाणं वळवायचं, पातं स्वतःच आपल्याला वळायची जागा करून घेतं. आणि दाब इतका हलका की पातं पुढे वाकलेलं दिसता कामा नये.

चष्मा घालाच. पातं तुटलं की तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. हातमोजे मात्र नकोत, कापड पात्यात ओढलं जातं. ओढणी, सैल बाही, मोकळे केस हेही लांब. तांबं-निकेल आणि निकेलचा कीस फुंकून उडवू नका. निकेलची भुकटी श्वासात जाणं वाईट, आणि पुष्कळांच्या कातडीला निकेलने खाज सुटते. मास्क लावा, कीस ओल्या फडक्याने टिपा. ज्याला निकेलची खाज आहे त्याच्या गळ्यात तांबं-निकेलचं लॉकेट घालू नका, चांदीचं द्या.

आता जडवणं. आपल्याकडे जेवणाच्या पाटांवर पितळी फुलं जडवलेली असतात, ती नीट निरखून पाहिली आहेत का? धातूचं फूल लाकडात असं बसलेलं की बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. तेच नाण्याचं करायचं. आख्खं, न कापलेलं नाणं बसवणं सोपं आहे. सपाट तळाचं गोल भोक पाडणारं फोर्स्टनर बिट मिळतं. पंचवीस पैशांचं नाणं १९ मिमीचं, आणि १९ मिमीचं बिट बाजारात असतंच. पण खोली हा मुद्दा आहे. लाकडावर काहीही जडवलं की सुतार सवयीने वरून काचकागद फिरवून सपाट करतो. नाण्यावर ते चालत नाही. नाण्याच्या चित्राचा उठाव मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो, चार हात मारले की गेंडा गेला आणि उरली चकती. म्हणून आधी लाकूड पूर्ण घासून गुळगुळीत करा, मग भोक, मग नाणं, आणि नाण्याचा काठ लाकडाच्या पातळीला किंवा केसभर खाली.

कापलेलं कमळ लाकडात बसवायचं तर भोक कमळाच्याच आकाराचं हवं. पटाशी आणि सुरीने कोरता येतं, पण प्रत्येक पाकळीपाशी फट राहते. इथे यंत्राचं टेबल तिरपं करण्याची युक्ती आहे. नाणं लाकडाच्या तुकड्यावर चिकटवायचं आणि दोन्ही एकदम कापायचे. उभं, सरळ कापलं तर पात्याने खाल्लेल्या जागेएवढी फट चहूबाजूंनी राहते. पण टेबल थोडं तिरपं असेल तर काप शंकूसारखा निघतो, वर रुंद, खाली अरुंद. नाण्यातून निघालेलं कमळ त्याच्याखालच्या लाकडातल्या भोकापेक्षा किंचित मोठं असतं. ते खाली सरकवलं की पाचरीसारखं घट्ट होत जातं, आणि नेमकं लाकडाच्या पातळीला येऊन थांबतं.

किती तिरपं, हे शाळेतल्या त्रिकोणमितीवर ठरतं. पात्याने खाल्लेली रुंदी भागिले नाण्याची जाडी, हा त्या कोनाचा साइन. २/० च्या पात्याची रुंदी जवळजवळ ०.२६ मिमी, नाणं दीड मिमी. भागाकार ०.१७, कोन साधारण दहा अंश. खालचं लाकूड किती जाड आहे याचा इथे काही संबंध नाही, कारण कमळाला खाली उतरायचंय ते स्वतःच्या जाडीएवढंच. नाणं पातळ असेल तर कोन वाढतो, पातं बारीक घेतलं तर कमी होतो. दहा अंश हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. तेवढ्याच जाडीच्या पितळी पत्र्याच्या तुकड्यावर आधी एक साधं पान कापून बघा. खालीवर होत असेल तर अर्धा-एक अंश फिरवा.

दोन बारकावे सुटले तर सगळं फसतं. एक, कापताना दिशा शेवटपर्यंत एकच ठेवायची. उजवीकडून सुरू केलं तर उजवीकडूनच संपवायचं. मध्येच उलटं फिरलात तर काठाचा उतार उलटा होतो. कापून झाल्यावर तुकडा वर उचलता आला पाहिजे. तो खाली गळून पडला तर दिशा उलटी गेली असं समजा. दुसरं, पातं आत घालायचं भोक या वेळी नक्षीच्या रेघेवरच येतं, कारण बाहेरचं लाकूड आपल्याला ठेवायचंय. ते जमेल तितकं बारीक, त्याच तिरप्या कोनात आणि पाकळीच्या खोल कोपऱ्यात पाडावं, म्हणजे नंतर भरल्यावर नजरेत येत नाही. पाकळ्यांमधली आतली भोकं मात्र आधीच, टेबल सरळ ठेवून कापून घ्या.

लाकूड शिसम घ्या किंवा जुना सागवान, पण हवामानाचा विचार केल्याशिवाय घट्ट बसवू नका. माळव्यात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, कोरड्यात आक्रसतं. लाकूड फुगलं की त्यातलं भोकही मोठं होतं, लाकूड आक्रसलं की भोकही लहान होतं. नाणं मात्र तेवढंच राहतं. पावसाळ्यात ठोकून घट्ट बसवलेल्या नाण्याने उन्हाळ्यात लाकडाला तडा जातो, आणि तो बरोबर रेषांच्या दिशेने जातो. उन्हाळ्यात बसवलेलं नाणं पावसाळ्यात फार तर किंचित सैल होतं, ते नाण्याखालचा चिकट (गोंद) सांभाळून घेतो. त्यामुळे मी जडवण्याचं काम एप्रिल-मेमध्येच करतो. पावसाळ्यात करायचंच असेल तर लाकूड आठ-दहा दिवस पंख्याखाली कोरड्या खोलीत ठेवा आणि भोक केसभर सैल ठेवा.

चिकटवायला अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा चिकट, पटकन सुकणारा नव्हे, सावकाश सुकणारा. नाण्याची मागची बाजू काचकागदाने खरवडा, स्पिरिटने पुसा, मग हात लावू नका. बोटाचं तेल राहिलं तर धातूवर चिकट धरत नाही. फटी भरायच्या असतील तर त्याच लाकडाचा भुसा चिकटात मिसळा. शिसमाला थोडी काजळी मिसळली तर फट दिसतच नाही. नाण्यावर आलेला चिकट ओला असतानाच स्पिरिटच्या बोळ्याने काढा. सुकल्यावर तो चित्राच्या खाचांतून निघत नाही, आणि काढायला गेलात तर चित्र जातं. मशीनवर लागलेल्या काळ्या डागांची काळजी नको, पण नाणं ब्रासोने लखलखीतही करू नका. खाचांतला जुना काळेपणाच चित्राला उठाव देतो. फक्त वरचे उंचवटे मऊ कापडाने चोळा. पितळ पुन्हा काळवंडू नये म्हणून पातळ लॅकरचा एक हात, लाकडाला मेण. क्रम चुकवू नका: आधी लॅकर, मग मेण. मेणावर लॅकर धरत नाही.